मठातली लेक आणि दरबारचा चित्रकार

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात शिरणारा प्रवासी बहुधा मोनालिसाच्या दिशेने निघतो. त्या गर्दीत ज्या चित्रांकडे सहसा कोणी वळत नाही, त्यांपैकी एक चित्र सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रांमध्ये आहे. सुमारे साडेपाच फूट उंच आणि साडेसात फूट रुंद अशा या चित्रात अंगावर उधळून येणारा एकही रंग नाही. करडी, उघडी भिंत आणि तिच्यापुढे दोन नन. त्यांपैकी वयस्कर असलेली गुडघे टेकून हात जोडून बसली आहे, तर तरुण नन खुर्चीवर रेलली आहे. तिचे पाय समोरच्या तिवईवर उशी ठेवून लांब केलेले आहेत आणि तिचेही हात जोडलेले आहेत. भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस आहे. दोघींच्या मधोमध वरून प्रकाशाचा एक झोत उतरतो आहे. एवढेच चित्र. त्यातील तरुण नन आजारी आहे, तिला चालता येत नाही, आणि ती चित्रकाराची मुलगी आहे, हे कळल्यावर मात्र पाहणाऱ्याचा पाय तिथून सहजी निघत नाही.

या चित्रकाराचे नाव फिलिप द शांपेन. त्या प्रसिद्ध फेसाळ मद्याशी त्याचा नामसाधर्म्यापलीकडे काहीही संबंध नाही. किंबहुना ऐहिक सुखांपासून इतका दूर राहिलेला दरबारी चित्रकार त्या शतकात शोधूनही सापडणे कठीण. त्याचा जन्म १६०२ मध्ये ब्रुसेल्स येथे झाला. हा प्रदेश तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होता. जाक फुकिए या निसर्गचित्रकाराकडे त्याने काही काळ धडे गिरवले. रुबेन्स हा त्या भागातील चित्रकलेचा सार्वभौम राजाच होता, आणि मुलाने त्याच्या चित्रशाळेत दाखल व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, असे त्याचे जुने चरित्रकार सांगतात. मुलाने ते मानले नाही. इटलीला जाण्याचा मनसुबा धरून १६२१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो पॅरिसला आला. इटलीला तो पुढे कधीच पोहोचला नाही.

पॅरिसमध्ये त्याची गाठ पडली ती निकोला पुसँ या आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या आणि तेव्हा त्याच्याइतक्याच अप्रसिद्ध असलेल्या तरुणाशी. दोघे एकाच छताखाली राहिले आणि राजमाता मारी द मेदिची हिच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या सजावटीवर दोघांनी निकोला द्युशेन नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली काम केले. पुसँ १६२४ मध्ये रोमला गेला आणि तिथलाच झाला. शांपेनचे आणि द्युशेनचे मात्र फारसे जमले नाही. हाताखालच्या माणसाची वाहवा होऊ लागली की वरच्या माणसाला जे होते, तेच इथे झाले असावे. शांपेन १६२७ मध्ये ब्रुसेल्सला परतला. लवकरच द्युशेन मरण पावला, राजमातेचे बोलावणे आले आणि १६२८ मध्ये शांपेन पुन्हा पॅरिसला आला. ज्याच्यामुळे त्याने शहर सोडले, त्याचीच जागा त्याने घेतली आणि त्याच वर्षी त्याच्या मुलीशी, शार्लोतशी, विवाहही केला.

यानंतरची दहा वर्षे त्याच्या भरभराटीची होती. तो फ्रान्सचा प्रजाजन झाला. राजा तेरावा लुई आणि राज्याची सारी सूत्रे हाती असलेला कार्डिनल रिशेल्यू, दोघांनीही त्याला जवळ केले. पॅरिसमधील चर्च, मठ आणि वाडे त्याच्या चित्रांनी भरू लागले. रिशेल्यूची जी प्रतिमा आजही जगाच्या डोळ्यांपुढे आहे, म्हणजे लाल रेशमी झग्यात ताठ उभा असलेला, टोकदार दाढीचा, थंड नजरेचा सत्ताधीश, ती शांपेनच्या कुंचल्यातून उतरलेली आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याने केलेले रिशेल्यूचे तिहेरी व्यक्तिचित्र आहे. एकाच फलकावर समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन चेहरे. इटलीतील शिल्पकाराला कार्डिनल प्रत्यक्ष न पाहता त्याचा पुतळा घडवता यावा, यासाठी ते तिकडे पाठवले होते. कापडाची प्रत्येक चुणी, कपाळावरची प्रत्येक शीर जशीच्या तशी टिपण्याची सवय त्याने आपल्या फ्लेमिश मुलखातून आणली होती. माणूस आहे तसा दाखवायचा, या हट्टाचा उपयोग त्याला पुढे वेगळ्याच कारणासाठी होणार होता.

घर मात्र रिकामे होत चालले होते. १६३८ मध्ये शार्लोत वारली. मागे एक मुलगा आणि दोन मुली राहिल्या. १६४२ मध्ये मुलगाही गेला. शांपेनने पुन्हा लग्न केले नाही. ब्रुसेल्सहून पुतण्या जाँ-बाप्तिस्त याला त्याने बोलावून घेतले, त्याला चित्रकला शिकवली आणि मुलासारखे वाढवले. मुलींचे काय करावे, हा प्रश्न होताच. १६४८ मध्ये त्याने दोघींनाही शिक्षणासाठी एका मठात ठेवले. तो मठ म्हणजे पोर रोयाल.

या मठाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण फ्रान्सच्या इतिहासात एवढ्या थोड्या स्त्रियांनी एवढ्या मोठ्या सत्तेला एवढा काळ झोप लागू दिली नाही, असे दुसरे उदाहरण क्वचितच असेल. पॅरिसबाहेरच्या एका दमट दरीतील तेराव्या शतकापासूनचा हा मठ. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे आंजेलिक आर्नो नावाची कोवळ्या वयाची मुलगी मठप्रमुख म्हणून बसवली गेली. मोठ्या घरातील मुलींची अशी सोय लावण्याची तेव्हा रीतच होती. या मुलीने मात्र ती जबाबदारी खरी मानली. १६०९ मध्ये तिने मठाचे दार बंद केले आणि भेटीला आलेल्या स्वतःच्या वडिलांनाही आत घेतले नाही. जाळीच्या खिडकीपलीकडून बोला, असे तिने त्यांना सांगितले. त्या दिवसापासून मठात मौन, गरिबी आणि काटेकोर व्रताचरण सुरू झाले. पुढे पॅरिस शहरातही मठाचे दुसरे घर उभे राहिले. आंजेलिकची धाकटी बहीण आन्येस हीही याच मठात होती. आपल्या चित्रात गुडघे टेकून बसलेली वृद्धा ती हीच.

मठाचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते सँ-सिराँचे मठाधिपती. त्यांचे स्नेही बिशप यानसेन यांनी संत ऑगस्टिनच्या शिकवणीवर लिहिलेला प्रचंड लॅटिन ग्रंथ १६४० मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, ईश्वरी कृपा ही कमावता येत नाही, ती ज्याला लाभायची त्याला लाभते, हा या पंथाचा गाभा. वरवर पाहता हा धर्मशास्त्र्यांचा वाद. परंतु कृपा राजाच्या, पुरोहिताच्या किंवा दानधर्माच्या हाती नाही, असे म्हटले की ते कुणाला तरी झोंबणारच. रिशेल्यूने १६३८ मध्ये सँ-सिराँ यांना कैदेत टाकले आणि कार्डिनलच्या मृत्यूनंतरच, १६४३ मध्ये, ते बाहेर आले. त्याच वर्षी त्यांचा अंत झाला. ज्या हाताने रिशेल्यूला त्याच्या वैभवात रंगवले, त्याच हाताने या कैद्याचेही व्यक्तिचित्र केले. ते आज ग्रनोबल येथील संग्रहालयात आहे. शांपेन या वर्तुळात ओढला गेला तो असा. दरबार त्याने सोडला नाही. १६४८ मध्ये राजाश्रयाने चित्रकलेची अकादमी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत तो होता आणि पुढे तिथे तो प्राध्यापकही झाला. मन मात्र मठाच्या भिंतीपलीकडे होते.

ननची व्यक्तिचित्रे रंगवण्याची परंपरा बरोक युगात युरोपभर होती. संसार सोडून, नाव टाकून, आरसाही न बाळगण्याचे व्रत घेतलेल्या स्त्रीचा चेहरा कायमचा टिपायचा, हा प्रकारच मुळात विसंगत. पण मागे राहिलेल्या कुटुंबाला चेहरा हवा असे आणि मठालाही आपल्या वडीलधाऱ्या भगिनींचे स्मरण हवे असे. स्पेनच्या वेलाझ्केझने १६२० मध्ये मदर हेरोनिमा द ला फुएन्ते यांचे चित्र केले, ते त्या साठी ओलांडलेल्या वयात मनिला येथे मठ स्थापन करण्यासाठी समुद्रप्रवासाला निघाल्या असताना. एखादी तलवार धरावी तसा त्यांनी हातात क्रूस धरला आहे. रोममध्ये बर्निनीने सेंट तेरेसाचा दिव्यानुभव संगमरवरात कोरला. तिथे वस्त्रांच्या लाटा आहेत, सोनेरी किरणे आहेत आणि बाणधारी देवदूतही आहे. श्रद्धा ही नाटकासारखी डोळ्यांपुढे घडली पाहिजे, असे त्या काळाचे मत होते. पोर रोयालच्या ननना हे सारे अमान्य होते. चित्रासाठी बसणे त्यांना अहंकाराचे वाटे. तरीही शांपेनने मदर आंजेलिक यांना १६५४ मध्ये रंगवले. त्या चित्रात थकलेला, सुजलेल्या पापण्यांचा, सुंदर दिसण्याचा कोणताही प्रयत्न न करणारा चेहरा आहे. स्वतःच्या रूपाविषयी उदासीन असलेल्या माणसाला कसे रंगवावे, हे त्याला नेमके उमगले होते.

दोन मुलींपैकी फ्रांस्वाज १६५५ मध्ये मरण पावली. उरली कातरीन. १६५७ मध्ये तिने दीक्षा घेतली आणि ती सिस्टर कातरीन द सँत-सूझान झाली. वयाने एकवीस वर्षांची. पत्नी, मुलगा आणि एक मुलगी गमावलेल्या बापाने शेवटचे अपत्यही मठाच्या जाळीआड जाताना पाहिले. त्याने तिला अडवले असे कुठे दिसत नाही.

१६६० च्या ऑक्टोबरमध्ये कातरीनला ताप येऊ लागला. पाठोपाठ उजवे अंग लुळे पडले. डॉक्टरांनी त्या काळचे उपाय केले. ते काय असत हे वाचले तर रोग परवडला असे वाटावे. गुण आला नाही. चौदा महिने ती पाय टाकू शकत नव्हती आणि शेवटी वैद्यांनीही हात टेकले.

याच चौदा महिन्यांत मठावर आभाळ कोसळले होते. १६६१ च्या मार्चमध्ये चौदाव्या लुईने राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला आणि एप्रिलमध्ये पोर रोयालमधील विद्यार्थिनी व दीक्षार्थिनींना बाहेर काढण्याचा हुकूम सुटला. यापुढे नवी नन होऊ द्यायची नाही, म्हणजे मठ आपोआप विझेल, असा तो हिशेब. सोबतच एका प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची सक्ती आली. यानसेनच्या ग्रंथात पाच धर्मविरोधी विधाने आहेत आणि आम्ही त्यांचा धिक्कार करतो, असा त्याचा मथितार्थ. ननची अडचण साधी होती. जो लॅटिन ग्रंथ आम्ही वाचलेला नाही, त्यात अमुक लिहिले आहे अशी शपथ आम्ही कशी घ्यावी? धर्मपीठ ज्याचा धिक्कार करते त्याचा आम्हीही करतो, पण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या आग्रहाची किंमत जबर होती. वृद्ध मदर आंजेलिक त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेल्या. गणिती आणि तत्त्वचिंतक ब्लेझ पास्कल याची बहीण जाक्लिन याच मठात नन होती. सहीच्या प्रश्नाने जीव पोखरलेल्या जाक्लिनने ऑक्टोबरमध्ये, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, प्राण सोडला.

अशा दिवसांत मदर आन्येस यांनी कातरीनसाठी नऊ दिवसांची प्रार्थना आरंभिली. तिची सांगता ६ जानेवारी १६६२ रोजी झाली. दुसऱ्या दिवशी कातरीनला वाटले की आपण पाऊल टाकून पाहावे. तिने टाकले. ती चालू लागली.

वैद्यकशास्त्राच्या आजच्या नजरेतून या घटनेची निरनिराळी कारणे सुचवता येतील. तीन-साडेतीन शतकांनंतर निदान करत बसण्यात मात्र फारसे हशील नाही. तिच्या बापापुरता प्रश्न वेगळा होता. साठीला टेकलेल्या त्या माणसाने कुंचला उचलला आणि त्याच वर्षी ते चित्र पूर्ण करून मठाला अर्पण केले.

आपल्याकडे याला नवस फेडणे म्हणतात, आणि तो शब्द कोणाही मराठी वाचकाला लगेच कळेल. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत सर्व धर्मांचे लोक मेणाचे हात आणि पाय वाहतात, त्याच जातकुळीची प्रथा युरोपात शतकानुशतके होती. बरे झालेल्या अवयवाची प्रतिकृती किंवा संकटातून सुटकेचे चित्र देवळात टांगले जाई. अशा चित्रांत रोगी अंथरुणातून उठलेला असतो, वर ढगांत संत किंवा माता मेरी प्रकटलेली असते. शांपेनच्या चित्रात यातले काहीही नाही, आणि त्याचे मोठेपण नेमके इथे आहे, असे मला वाटते. आधी मागणे आणि मग फेड, हा नवसातला व्यवहार पोर रोयालच्या श्रद्धेला मानवणाराच नव्हता. कृपा विकत घेता येत नसेल, तर तिचा मोबदला तरी कसा देणार? म्हणून त्याने चालणारी मुलगी रंगवली नाही. न चालणारी मुलगी रंगवली. प्रार्थना सरत आली आहे, पाय अजून तिवईवरच आहेत, आणि काही घडेल याची कोणतीही खूण नाही, असा तो क्षण आहे. दोन्ही नन वरून येणाऱ्या प्रकाशाकडे डोळे विस्फारून पाहत नाहीत. मदर आन्येस यांच्या सुरकुतलेल्या मुद्रेवर केवळ स्वस्थ आशा आहे आणि कातरीन शांत आहे. तिच्या मांडीवर पवित्र अवशेषांची उघडी पेटी आहे. बाजूच्या खुर्चीवर प्रार्थनापुस्तक ठेवले आहे. फिक्या लोकरी झग्यांवरचे तांबडे क्रूस हाच काय तो या चित्रातील उठावाचा रंग.

डाव्या बाजूला भिंतीवर लॅटिन मजकूर कोरल्यासारखा लिहिला आहे. शरीर आणि आत्मा या दोहोंचा एकमेव वैद्य जो ख्रिस्त, त्याला उद्देशून तो आहे. चौदा महिन्यांचा ताप, अर्धे अंग निकामी होणे, वैद्यांनी आशा सोडणे, मदर आन्येस यांच्यासह केलेली प्रार्थना आणि एका क्षणात परत आलेले आरोग्य हे सारे त्यात सांगितले आहे. शेवटी चित्रकाराचे नाव येते आणि हे चित्र या घटनेची व आपल्या आनंदाची साक्ष म्हणून ठेवल्याचे नमूद होते. शांपेनच्या साऱ्या कारकिर्दीत त्याने स्वतःच्या आनंदाचा असा जाहीर उच्चार दुसरीकडे कुठे केला असेल, असे वाटत नाही. हुकूम सुटलेल्या मठाला, ज्या राजाच्या अकादमीत आपण प्राध्यापक आहोत त्याच्या रोषाला पात्र ठरलेल्या स्त्रियांना, आपले नाव घालून असे चित्र देणे ही कृती धाडसाचीच म्हणायला हवी. त्याने त्याविषयी कुठे गाजावाजा केला नाही.

चमत्काराने मठाचे संकट टळले नाही. १६६४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसचे आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः सैनिकांसह आले आणि सहीला नकार देणाऱ्या बारा ननना उचलून निरनिराळ्या मठांत डांबण्यात आले. सत्तरी ओलांडलेल्या मदर आन्येस त्यांत होत्या. पुढल्या वर्षी सही न करणाऱ्या साऱ्या जणींना दरीतल्या जुन्या मठात एकत्र आणून पहाऱ्यात ठेवले. १६६९ मध्ये तडजोड झाली, त्यांच्यावरील धर्मबंदी उठली आणि १६७१ मध्ये मदर आन्येस यांनी त्याच दरीत देह ठेवला.

शांपेन काम करतच राहिला. अकादमीतील व्याख्यानांत तो बोलत असे, आणि त्यातला एक प्रसंग त्याच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकतो. १६६८ मध्ये पुसँच्या एका चित्रावर चर्चा होती. विहिरीवर पाणी भरणाऱ्या रिबेकाला अब्राहामाचा सेवक भेटतो, हा तो बायबलमधील प्रसंग. शांपेनने चित्राची वाखाणणी केली आणि मग विचारले, उंट कुठे आहेत? ग्रंथात सेवकाबरोबर दहा उंट आहेत, ते चित्रकाराने का गाळले? अकादमीचा सर्वेसर्वा शार्ल ल ब्रँ याने पुसँची बाजू घेतली. चित्राच्या भारदस्तपणाला उंट बाधक ठरले असते, असा त्याचा युक्तिवाद. तरुणपणी ज्याच्याबरोबर एका छताखाली राहिलो, तो मित्र दोन वर्षांपूर्वीच निवर्तला होता. तरीही शांपेनचा उंटांचा आग्रह सुटला नाही. जे होते ते दाखवले पाहिजे, या बाबतीत त्याला सवलत मान्य नव्हती. ज्या चित्रकाराने लेकीच्या पायाखालची उशीसुद्धा गाळली नाही, त्याने हे म्हणावे यात नवल नाही.

१२ ऑगस्ट १६७४ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. कातरीन तेव्हा हयात होती आणि मठातच होती.

पुढे चौदाव्या लुईचा राग पुन्हा उफाळला. ऑक्टोबर १७०९ मध्ये दरीतल्या मठात उरलेल्या मूठभर वृद्ध ननना बाहेर काढण्यात आले, नंतर इमारती पाडल्या गेल्या आणि दफनभूमीतील अस्थीही उकरून हलवण्यात आल्या. पॅरिसमधील मठाचे राज्यक्रांतीच्या काळात तुरुंगात रूपांतर झाले आणि पुढे तिथे प्रसूतिगृह सुरू झाले. चित्र मात्र वाचले. क्रांतीच्या धामधुमीत धर्मस्थळांची मालमत्ता सरकारजमा झाली, तेव्हा ते लुव्रच्या संग्रहात आले. कातरीनचे पाय अजूनही त्या तिवईवर आहेत.